पाते, परज आणि मूठ

सुरी एकाच माणसाने आरंभापासून अखेरपर्यंत घडवावी, ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही. ज्या काळात शस्त्र हा राज्याच्या आणि संसाराच्याही नित्य व्यवहारातला जिन्नस होता, त्या काळात ते एकट्याच्या हातून क्वचितच पुरे होत असे. लोहाराने पाते ठोकून द्यावे, शिकलगाराने ते घासून त्यास झिलई आणावी, मूठ ओतणाराने अथवा कोरणाराने मूठ सिद्ध करावी, कोफ्तगाराने तीवर सोन्यारुप्याची तार ठोकावी आणि सर्वांच्या शेवटी म्यान करणाराने लाकडावर मखमल चढवून तो जिन्नस शिलेखान्यात जमा करावा, अशी ती रीत होती. आणि यांपैकी प्रत्येकाचा पेशा निराळा, हत्यारे निराळी आणि बहुधा वस्तीही निराळी असे. इंग्लंडातील शेफील्डमध्येही पाते ठोकणारा, ते चाकावर घासणारा आणि त्यास मूठ बसवणारा असे स्वतंत्र कारागीर असत. त्यांतील घासणाऱ्याची छाती दगडाच्या भुकटीने अकाली निकामी होते, याची नोंद तेथील वैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवली आहे. जपानात तर तलवारीला झिलई देणारा हा ती ठोकणाऱ्याइतकाच मानाचा कलावंत समजला जातो.

या व्यवस्थेत हुन्नराचा उत्कर्ष झाला, यात संशय नाही. पण तिच्यात आणखी एक सोय होती, जिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. दोष निघाला, तर तो वाटून घेता येत असे. पाते मुठीत खिळखिळे झाले, तर मूठवाल्याने म्हणावे की लोहाराने पात्याची मुठीत शिरणारी शेपटीच वाकडी ओढली होती, आणि लोहाराने म्हणावे की लाख नीट तापवली नव्हती; दोघांचेही म्हणणे थोडेफार खरे असण्याचा संभव असे, आणि शिलेखान्याच्या दरोग्याला त्याचा निवाडा करणे जड जात असे. हा तंटा नेहमी एकाच जागी उपस्थित होतो. पाते संपते आणि मूठ सुरू होते त्या ठिकाणी हाताच्या रक्षणासाठी जो आडवा धातू बसवलेला असतो, ज्याला तलवारीच्या परिभाषेत परज म्हणतात, तो म्हणजे या दोन पेशांच्या मधला बांध होय, आणि बांधावरचे तंटे कसे असतात हे ज्याच्या नावावर सात-बारा आहे त्याला सांगावयास नको. एकट्याने सुरी घडवावयाची म्हणजे हा बांध दोन्ही अंगांनी आपणच राखावयाचा. प्रस्तुत पुस्तकाचा विषय सुरी हा असला, तरी त्याचे मर्म या दोन-तीन बोटे रुंदीच्या धातूच्या तुकड्यात आहे, असे माझे मत आहे, आणि ते वाचकांच्या गळी उतरावे एवढ्यासाठीच ही प्रस्तावना काहीशी लांबली आहे.

एकहाती सुरीला छंद, व्यासंग आणि पुढे कला म्हणून जी प्रतिष्ठा लाभली, ती अमेरिकेत आणि विसाव्या शतकात. मिशिगन प्रांतातील विल्यम स्केगल (१८७३–१९६३) हा या परंपरेचा आद्य पुरुष मानला जातो. चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून त्यांच्या टोकाला हरणाचे शिंग बसवलेल्या त्याच्या मुठी आजही पाहताक्षणीच ओळखू येतात. त्याची सुरी एका गृहस्थाने बोटीचा रंग खरवडण्यासाठी वापरलेली आणि तरीही धार शाबूत राहिलेली पाहून फ्लोरिडातील बो रँडल हा चकित झाला आणि १९३७ पासून स्वतःच सुऱ्या घडवू लागला, अशी कथा त्या वर्तुळात आवडीने सांगतात. एखाद्या कलेचा वंशविस्तार रंग खरवडण्यापासून व्हावा, ही गोष्ट मला मोठी सुखद वाटते. पुढे १९७० मध्ये अशा कारागिरांचा संघ स्थापन झाला. परंतु त्या सुमारास बहुतेक जण पोलादाच्या तयार पट्ट्या घासून सुऱ्या करीत. ऐरण आणि घण जवळजवळ अडगळीत गेले होते. मेरीलँडमधील विल्यम मोरन (१९२५–२००६) याने १९७३ मध्ये थरांवर थर चढवून सांधलेल्या पोलादाच्या सुऱ्या त्या संघाच्या प्रदर्शनात मांडल्या, त्यांची कृती गुप्त न ठेवता खुली केली, आणि १९७६ मध्ये काही सहकाऱ्यांसह अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही संस्था उभी केली. आर्कान्सामधील वॉशिंग्टन या जुन्या खेड्यात १९८८ मध्ये तिची शाळा सुरू झाली.

या संस्थेने लावून दिलेली परीक्षा येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्यासारखी निष्ठुर आणि तरीही न्याय्य परीक्षा मला दुसऱ्या कोणत्याही हस्तव्यवसायात आढळलेली नाही. उमेदवाराने स्वतः ठोकलेली, १० इंचांहून अधिक लांब नाही अशा पात्याची सुरी घेऊन परीक्षकांसमोर उभे राहावयाचे. प्रथम वरून मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एकाच घावात तोडावयाचा. मग बांधकामाच्या लाकडाचा जाड दांडा दोन वेळा आरपार तोडावयाचा. आणि एवढे झाल्यावर, धारेला पुन्हा दगड न लावता, तिने हातावरचे केस साफ उतरले पाहिजेत. येथवर पोलाद कठीण आहे हे सिद्ध होते. यानंतर तेच पाते शेगड्यात पकडून काटकोनात वाकवतात. धारेच्या बाजूस थोडी चीर गेली तर ती क्षम्य. पण पाते दुभंगले तर उमेदवार नापास. म्हणजे जे पोलाद दोर आणि लाकूड तोडण्याइतके कठीण होते, तेच काटकोनात वाकण्याइतके चिवटही असले पाहिजे. परीक्षेत उतरलेली सुरी परीक्षेतच निकामी होते, आणि घडवणाऱ्याने ते निमूटपणे पाहावयाचे असते.

पण हा झाला पूर्वार्ध. उत्तरार्धात पाच निर्दोष सुऱ्या मांडाव्या लागतात, आणि तेथे परीक्षकांची नजर प्रथम जाते ती परजेकडे. पाते आणि परज यांच्यामध्ये केसभर फट आहे काय, पात्याच्या दोन्ही अंगांच्या रेषा तिला एकाच उंचीवर येऊन मिळतात काय, मागे लाकूड तिला सर्व बाजूंनी सारखे टेकते काय, एवढे पाहिले की कारागिराची इयत्ता कळते. उस्तादपदासाठी याहून वरची कसोटी आहे: थरांच्या पोलादाचे पाते, जुन्या युरोपीय धर्तीची दुधारी कट्यार, तिला दोन्ही बाजूंस हात पसरलेली परज आणि पन्हळी कोरून त्यांच्या मध्ये पिळलेली तार बसवलेली मूठ. घण मारणाऱ्या लोहाराकडून अखेरीस कासार-सोनाराची आणि सुताराची परीक्षा का घेतात, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर वर येऊनच गेले आहे. पाते चांगले ठोकणारे अनेक असतात. आपल्या हद्दीपलीकडेही तितक्याच चोखपणे वागणारा विरळा.

आपल्याकडील परंपरा या बाबतीत निराळ्या वाटेने गेली, आणि ती वाट समजून घेतल्यावाचून मुठीच्या कोरीव कामाविषयी बोलणे अप्रस्तुत होईल. खंजीर, पेशकब्ज, कर्द यांना बहुधा परज नसतेच. कट्यारीची तर रचनाच अशी की दोन आडव्या दांड्या मुठीत धरावयाच्या आणि बाजूच्या दोन लोखंडी पट्ट्यांनी मनगटाची पाठराखण करावयाची. हाताने पात्याकडे घसरावे, हे तेथे संभवतच नाही. परजेचे बंधन नसल्यामुळे कोरणाऱ्याला संबंध मूठ मोकळी मिळाली, आणि त्याने तिचे सोने केले. शाहजहानच्या काळातील खंजिरांच्या यशब दगडाच्या मुठी, ज्यांच्या टोकाला नाकपुड्या फुललेले घोड्याचे डोके असते, त्या छिन्नीने कोरलेल्या नाहीत, कारण तो दगड छिन्नीला दाद देत नाही. त्याहून कठीण खड्याची भुकटी पाण्यात कालवून, ती फिरत्या चाकावर देत देत, तो हळूहळू झिजवावा लागतो. विजापूर-गोवळकोंड्याकडील सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक खंजीर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे; त्याच्या सोनेरी मुलाम्याच्या, माणके जडवलेल्या तांब्याच्या मुठीत एक ड्रॅगन सिंहावर तुटून पडला आहे आणि सिंह हरणावर. हाताला बोचेल अशी ती मूठ नित्य वापरासाठी नव्हतीच. ती दरबारात कमरबंदातून दिसावी यासाठी होती, आणि त्या दृष्टीने तिच्यात उणे काढण्यास जागा नाही.

तंजावरच्या शस्त्रागारातून बाहेर पडलेल्या कट्यारी मात्र मला अधिक बोलक्या वाटतात. त्यांच्या लोखंडी मुठींवर व्याल, पोपट, कमळाच्या कळ्या अशा कोरल्या आहेत की गोपुरावरचा पाथरवट लोखंडात उतरला असे वाटावे; पाती मात्र पुष्कळदा फिरंगी, युरोपातून आलेल्या तलवारींची. हे परदेशी पाते देशी मुठीत बसवताना कारागिराने सांधा लपवला नाही. मुठीतून पुढे आलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पाते धरून त्यांतून रिवेट पार केले, आणि त्या पट्ट्यांनाही नक्षीचा मान दिला. दोन देशांच्या, दोन हातांच्या कामाचा तो जोड आहे आणि तो तसा दिसतो. नवशिक्याने नमुन्यासाठी काही पाहावयाचे असेल, तर जडावाच्या मुठींपेक्षा हे सांधे आधी पाहावेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पोलादासाठी आपल्याकडील लोहार गाडीचा जुना पाटा घेतो, आणि ते वावगे नाही. त्यात कार्बनचे प्रमाण शेकडा ०.६ च्या आसपास असते आणि चिवटपणा भरपूर असतो. मात्र वापरून शिणलेल्या पाट्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, म्हणून पहिल्या कामाला नवी पट्टी आणावी हे श्रेयस्कर. पाते ठोकणे, कानशीने आकारास आणणे, तापवून हवेत निवू देऊन त्याचा ताण काढणे, हे सर्व पुढील प्रकरणांत सचित्र दिले आहे. पाणी देताना पाते इतके तापवावे की लोहचुंबक त्यास चिकटेनासा होईल, आणि त्याहूनही किंचित वर, म्हणजे सुमारे ८१५ ते ८३० अंश सेल्सियसपर्यंत नेऊन मग कोमट तेलात सरळ उभे बुडवावे. कानस त्यावरून काचेवरून घसरल्यागत घसरली की ते कठीण झाले असे समजावे. पण या अवस्थेत ते इतके ठिसूळ असते की फरशीवर पडले तरी मोडेल. म्हणून लगेच २०० अंशांच्या भट्टीत दोन-दोन तास, दोन वेळा ठेवावे, म्हणजे पृष्ठभागावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग चढतो. शेपटी जेथे पात्याला मिळते, त्या कोपऱ्यांना कधीही टोकदार काटकोन देऊ नये, गोलाई द्यावी. पाणी देताना चीर जाते ती तेथून, आणि पुढे कधी सुरी मोडली तर तीही तेथूनच, म्हणजे परजेच्या पोटात, जेथे कोणाची दृष्टी पोचत नाही.

परजेसाठी पितळ, जर्मन सिल्व्हर किंवा साधे लोखंड चालते. या तुकड्याच्या मध्यावर, शेपटीच्या जाडीहून किंचित लहान अशी भोके ओळीने पाडावयाची, मधल्या भिंती बारीक कानशीने काढून त्यांची एक सरळ फट करावयाची, आणि मग खऱ्या कामाला आरंभ होतो. दिव्याची काजळी तेलाच्या थेंबात कालवून पात्याच्या खांद्यांना बोटाने फासावी आणि परज शेपटीवरून वर सरकवावी. ती अडेल तेथे जोर करू नये. काढून पाहिली की फटीच्या कडेवर एखादा काळा ठिपका उमटलेला दिसतो. धातू धातूला तेवढ्याच जागी लागला, असा त्याचा अर्थ. तेवढा ठिपका कानशीच्या दोन हलक्या फेऱ्यांनी उडवावा, पुसावे, पुन्हा काजळी, पुन्हा परज. ठिपका जागा बदलतो. कधी उजवीकडे, कधी पाठीकडे. आणि प्रत्येक वेळी परज तांदळाच्या दाण्याएवढी पुढे सरकते. शेवटचे एक-दोन मिलिमीटर उरले की लाकडाच्या ठोकळ्यावरून हातोडीचे बेताचे ठोके देऊन ती बसवावी, आणि खिडकीसमोर धरून पाहावी: पाते आणि परज यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. जो घाईने फट मोठी करतो आणि उरलेली पोकळी डाखाने किंवा डिंकाने बुजवतो, त्याची सुरी दुकानात विकली जाईल, पण पहिल्याच पावसाळ्यात त्या पोकळीत ओल धरेल आणि गंज आतून बाहेर येईल. चांदीच्या डाखाचा मोह तर अगदीच टाळावा. तो वितळण्यास लागणारी आच पात्याचे सारे पाणी उतरवून टाकते.

परजेला आकार देण्याची वेळ यानंतर येते, आधी नव्हे. तिची पात्याकडील बाजू मात्र कायमची बसवण्यापूर्वी पूर्ण झिलईदार केली पाहिजे, कारण नंतर तेथे कानस शिरत नाही. मागची बाजू आणि मुठीचे लाकूड ही दोन्ही एकत्र धरून घासावीत, म्हणजे बोट परजेवरून मुठीवर जाताना पायरी लागत नाही. मग ती विलग करून प्रत्येकाचे कोरीव काम निराळे करावे आणि सरतेशेवटी जोडावीत. परजेची टोके वळवून त्यांना कळीचा आकार देणे हा आपल्या तलवारींचा जुना परिपाठ आहे, आणि तो शोभेखेरीज कामाचाही आहे. टोकाला जरा वजन आले की सुरीचा तोल मागे सरकतो आणि ती हातात हलकी भासते.

मुठीसाठी शिसवीसारखे लाकूड नाही. चांगले मुरलेले असेल तर ते बारीक कोरणीलाही फुटत नाही आणि नुसत्या जवसाच्या तेलावर काळेभोर तुकतुकते. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांचा विचारच करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी त्यांचा व्यापार बंद केला आहे, आणि योग्यच केले आहे. म्हशीचे शिंग मात्र विनाहरकत मिळते. विजयदुर्गच्या शिंगकामाचा लौकिक जुन्या गॅझेटियरांतही नमूद आहे, आणि हे द्रव्य कोरण्यास किती अनुकूल आहे याची ती साक्षच समजावी. एवढेच की ते तापले की जळक्या केसांचा दर्प येतो आणि ओलीसुकीने ते हलते. म्हणून परजेला टेकणारी त्याची कड अगदी शेवटी जुळवावी.

कोरीव कामाविषयी माझे मत थोडे कठोर आहे. मूठ लंबवर्तुळाकार असावी, म्हणजे अंधारातही धार कोणीकडे आहे हे तळहाताला कळते; आणि जेथे तळहात घट्ट टेकतो तेथे एक-दीड मिलिमीटरहून खोल काही कोरू नये, कारण अर्ध्या तासाच्या कामात ती नक्षी हातावर फोड म्हणून उमटते. वेलबुट्टीची हौस टोकाकडे आणि बाजूंवर फेडावी. पन्हळी कोरावयाच्या असल्या तर कागदाची पट्टी मुठीभोवती गुंडाळून तिचे समान भाग पाडावे आणि तिरक्या रेषा आखाव्या. मूठ मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळती असल्याने प्रत्येक पन्हळ मध्यावर रुंद व टोकांस अरुंद झाली पाहिजे, ही गोष्ट गणिताने नव्हे तर डोळ्याने साधते. दोन पन्हळींच्या मधल्या खोबणीत बसवावयाची तार चांदीची असावी. दोन तारा एकत्र पिळून, दोन सपाट तुकड्यांत दाबून, तिचे टोक परजेच्या कडेशी पाडलेल्या बारीक भोकात अडकवावे. परजेची कड स्वच्छ असेल तरच ते भोक झाकते. नसेल तर ते उघडे पडते, आणि मग कितीही सुंदर कोरलेली मूठ त्या एका भोकाकडे बोट दाखवीत राहते.

एक लौकिक बाबही येथे सांगून टाकतो. खंडेनवमीला आपण विळी-कोयत्यापासून छापखान्याच्या यंत्रापर्यंत साऱ्यांना गंधफूल वाहतो. पण एरवी सुरी घडवतो असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात रामपुरी उघडतो आणि त्याची मुद्रा पालटते. कायद्याची मुद्रा त्या मानाने सौम्य आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगाच्या सुऱ्या वगळल्या आहेत. ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याच्या इतर सुऱ्यांना अधिसूचित क्षेत्रात परवाना लागतो, आणि कट्यार, जंबिया यांसारखी हत्यारे तर शस्त्रांतच मोडतात. म्हणून या पुस्तकातील सर्व नमुने ७ इंचांच्या आतील, एकधारी आणि घरच्या अथवा बागेच्या उपयोगाचे ठेवले आहेत. ज्याला दुधारी पात्याचा शौक करावयाचा आहे, त्याने आधी आपल्या भागातील पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्या दप्तरी चौकशी करावी.

पुस्तकाच्या मांडणीत एक गोष्ट रूढीविरुद्ध आहे. परजेचे प्रकरण पात्याच्या आधी घातले आहे. पितळेचा तुकडा आणि लोखंडाची साधी पट्टी घेऊन, भट्टी न पेटवता, वाचकाने प्रथम ती जुळणी अंगवळणी पाडावी, अशी त्यामागे योजना आहे. पितळ स्वस्त आहे आणि बिघडले तर मोडीत जाते, तर पाणी दिलेले पाते बिघडले की त्याबरोबर बरेच दिवस वाया जातात. मापे सर्वत्र मिलिमीटरमध्ये दिली आहेत. लाकूड मात्र आपल्या वखारीत अद्याप इंच आणि सुतातच मिळते, म्हणून मुठीच्या प्रकरणात सूत कायम ठेवले आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ढोबळमानाने ३ मिलिमीटर.